सर्व्हर मोठा की टेबल मोठं?

मंडळी, बसा, सरकून बसा. मागची मंडळी पुढं या. देव जागा मोजत नाही, पण मंडपवाला मोजतो!

आज एकच प्रश्न घेतलाय. दोघं भांडतात. ठीक? आणि भांडताना दोघांचंही म्हणणं खरं असतं. शंभर टक्के खरं! तर मग — पाप कुणाच्या पदरी? खरं बोलणाऱ्याला पाप लागतं का हो?

माना हलल्या, पण निम्म्या अशा आणि निम्म्या तशा. असू द्या. गोष्ट ऐका.

कृष्णाकाठी एक दूध संघ. नाव सांगत नाही, कारण तुमच्यातले दोघं-तिघं लगेच म्हणतील, ‘आमचे पाहुणे आहेत तिथं’. त्या संघात संगणक विभाग. त्यात शिवलीला हुक्केरी नावाची बाई. हुशार! बोलणं कमी, नजर तेज. तिच्या ताब्यात सर्व्हर. सर्व्हर म्हणजे काय? दुकानात पुढं गल्ला असतो आणि मागं कोठार असतं — तसं ते मागचं कोठार. कुणाला दिसत नाही, पण सगळा माल तिथं. आणि पुढचे गल्ले, म्हणजे ऑफिसातल्या टेबलाटेबलावरचे संगणक, ते रणधीर चौगुले यांच्याकडं. उंचपुरा, बोलका, सगळ्यांचा लाडका.

आता प्रत्येक यंत्राला एक कारभारी लागतो. यंत्र उठवणारा, कामाला लावणारा, झोपवणारा. त्याला म्हणतात ऑपरेटिंग सिस्टीम. टेबलावरच्या यंत्रांचा कारभारी विंडोज. सर्व्हरचा कारभारी लिनक्स. सुखानं चाललं होतं — पण माणूस सुखात किती दिवस राहतो?

रणधीर म्हणायचे, “मॅडम, जगात कुठल्याही कचेरीत जा. टेबलावर कोण? विंडोज! राज्य आमचं.”

शिवलीला म्हणायची, “चौगुले, तुम्ही मोबाइलवर जे बघता ना, ते येतं कुठून? कुठल्यातरी सर्व्हरवरून. आणि जगातल्या बहुतेक सर्व्हरवर कोण? लिनक्स. राज्य कुणाचं ते तुम्हीच सांगा.”

चुकलं कोण? कुणीच नाही! दोघंही खरे! गावात पोस्टमन जास्त की विहिरी जास्त, असा तो वाद. पण वाद मोठा गोड असतो, मंडळी. पुरणपोळीनं पोट भरतं, वादानं भरत नाही.

अशात संघाचे अध्यक्ष तात्यासाहेब मगदूम यांच्या डोक्यात आलं — दोन तऱ्हा कशाला? सगळीकडं एकच ठेवू. विभागाला प्रमुखही एकच. बैठकीत दोघांनी आपापली बाजू मांडायची, संचालक ठरवतील. झालं! आता वाद वाद राहिला नाही, खुर्ची झाली. खुर्ची आली की माणसाच्या बोलण्यात सुई येते.

बैठकीच्या आदल्या दिवशी शिवलीलानं सर्व्हरचा बंदोबस्त कडक केला. कुणी परका घुसू नये म्हणून जुन्या पद्धतीनं येणारे निरोप घेणं बंद केलं. काम योग्य होतं, कुणीही जाणकार हेच करील. पण करता करता तिच्या लक्षात आलं — प्रयोगशाळेतला संगणक जुना आहे. तो जुन्याच बोलीत निरोप पाठवतो. उद्या त्याचं सर्व्हर ऐकणार नाही.

संगणक कुणाचा? रणधीरचा. सांगायला हवं होतं कुणाला? रणधीरला. तिनं फोन हातात घेतला. नावापर्यंत बोट नेलं. आणि मनात एक बारीक आवाज उठला — ‘उद्या ऐन बैठकीच्या वेळी त्यांचंच यंत्र अडलं, तर?’

तिनं फोन टेबलावर उलटा ठेवला.

बास. एवढंच केलं तिनं. खोटं बोलली नाही, काही तोडलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. फोन उलटा ठेवला!

दुसरा दिवस. चैत्रातलं ऊन. संघात दूध येतं कसं, ते बघा. गावोगावच्या संस्थांचे टेम्पो येतात. नमुना प्रयोगशाळेत जातो. ‘दूध चांगलं आहे’ असा निकाल तिथल्या संगणकावरून सर्व्हरवर, सर्व्हरवरून फाटकाच्या पडद्यावर. पडद्यावर हिरवं आलं, की दूध थंड टाकीत. हिरवं नाही, तर टेम्पो जागेवर.

प्रयोगशाळा निकाल पाठवतेय, फाटकावर येत नाहीत. त्यांना वाटतं गेले, यांना वाटतं अजून यायचेत. विचारायचं कुणाला? संगणकाची दोन्ही माणसं वर बैठकीत, फोन बंद करून, राज्य कुणाचं ते ठरवतायत!

वर काय भाषण चाललंय म्हणता! रणधीर उभे — “साहेब, आपल्या कारकुनांना जे येतं तेच ठेवा.” टाळ्या. शिवलीला उभी — “साहेब, जे वर्षानुवर्षं न थांबता चालतं, ते ठेवा.” टाळ्या. तात्यासाहेब कानात काडी घालून म्हणतात, “आयला, दोघांचंबी पटतंय की!”

तेवढ्यात खालून आरडाओरडा. सगळे खिडकीशी धावले.

ज्यांच्या टाक्या गार होत्या, ते टेम्पो तगले. पण ओढ्यापलीकडच्या बायकांच्या संस्थेचं दूध उघड्या कॅनमधून आलं होतं. उन्हात उभं राहून ते फाटलं. संस्थेची हौसाक्का — साठीची बाई, स्वतः टेम्पोबरोबर येणारी — उभी होती, आणि दोन गडी एकेक कॅन गटारात ओतत होते. पांढरं दूध, त्यात गुठळ्या. हौसाक्का रडत नव्हती. नुसती बघत होती.

शिवलीला खिडकीशी उभी. शेजारी तात्यासाहेब गरजले, “कुणामुळं झालं हे?”

आता बघा हं! संधी कशी येते. एक वाक्य पुरे होतं — ‘चौगुल्यांच्या जुन्या संगणकामुळं.’ खरंच होतं ते! खुर्ची तिची होती. ओठांपर्यंत आलं... आणि खाली आणखी एक कॅन रिकामा झाला.

“माझ्यामुळं,” शिवलीला म्हणाली. “काल मला कळलं होतं. मी चौगुल्यांना सांगितलं नाही.”

रणधीर मान खाली घालून उभे. मग हळूच म्हणाले, “साहेब... सकाळी प्रयोगशाळेतल्या संगणकावर सूचना आली होती. सर्व्हर घेत नाही म्हणून. मी पाहिली. म्हटलं, बैठकीत मॅडमचा सर्व्हर उघडा पडेल. मी ती पुन्हा दिसणार नाही अशी बंद केली.”

अरे देवा! दोघांनाही ठाऊक! दोघंही एकमेकांच्या पडण्याची वाट बघत बसले होते!

तात्यासाहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, “टेबलावर जे हाय ते ऱ्हाऊ द्या, मागं जे हाय ते ऱ्हाऊ द्या. प्रमुख कुणीच न्हाई. भरपाई संघ दील. पर सांगायला त्या बाईच्या दारात तुमी दोघं जायाचं.”

गेले. संध्याकाळी, ओढा ओलांडून. हौसाक्का म्हशीला पाणी पाजत होती. शिवलीलानं सगळं सांगितलं. रणधीर मध्ये मध्ये समजावू लागले — विंडोज, लिनक्स, जुनी बोली, नवी बोली...

हौसाक्कानं हात वर केला. “ऱ्हाऊ द्या दादा, मला न्हाई कळत. येवढंच सांगा. तुमाला ठावं हुतं?”

“हो.”

“आन् लेकी, तुला?”

“हो.”

“आन् दोघंबी गप ऱ्हायला?”

शिवलीलाची नुसती मान हलली.

“मग यंत्राचं नाव कशाला घेता?” हौसाक्का म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी शिवलीलानं पहिला फोन रणधीरला लावला. कामाचा. फार प्रेम जडलं असं नाही, मंडळी. ती तुमच्या-आमच्यातली माणसं, सिनेमातली नव्हेत. पण फोन लावला, आणि रोज लावत राहिली.

तर खरं बोलणाऱ्याला पाप लागतं का? बोलण्याचं लागत नाही. गिळलेल्याचं लागतं! आपण गप्प बसतो, म्हणतो समोरचा खड्ड्यात पडेल. तो पडतच नाही, हो! पडतो तिसराच — ज्याचं त्या भांडणाशी काही देणंघेणं नाही.

हसू नका. भावकीत नाही हे? सासू-सुनेत नाही? देवळाच्या याच कमिटीत नाही? कळस हललाय हे कुणाला तरी ठाऊक असतं, आणि यंदाचा उत्सव विरोधी गटाकडं म्हणून तो गप्प असतो! कळस पडेल तेव्हा तो गट बघून पडेल का?

आता डोळे मिटा. मनात बघा, कुणाला काय सांगायचं तुम्ही मुद्दाम ठेवून दिलंय. आलं नाव? आलं ना?

मग उठा. गजर आम्ही थांबवून धरतो. आधी त्याला सांगून या.