वजनकाटा

घसा बसलेली शिक्षिका दवाखान्याच्या बाकावर मुकाट बसली होती. कान मात्र शाबूत होते. शेजारी एक भाऊ नि त्याची थोरली बहीण, मधे त्यांचे वाळलेले वडील.

“ताई, बाबांचं वजन का घटतंय, तेच कळत नाही. दर आठवड्याला शेडातल्या काट्यावर मोजतो मी त्यांना.”

“डुकरांच्या काट्यावर? धन्य आहेस! बरं, डुक्कर वाळलं तर आधी काय बघतोस?”

“शेडातली हवा. डुकरांना घाम येत नाही, उकाड्यात ती खाणंच सोडतात. म्हणून तर पंखे लावलेत, पाण्याचे फवारे लावलेत.”

“आणि उजेड?”

“तोही भरपूर हवा. अंधारात जनावर मरगळतं.”

“किती रे काळजी! आणि बाबांची खोली?”

“वरची, पत्र्याची. अगदी निवांत.”

“पंखा?”

“शेडातला एक बिघडला, म्हणून तिकडे नेला.”

“दिवा?”

“त्यांना आता कुठं वाचायचंय?”

“खरंच की! डोळ्यांना तेवढीच विश्रांती.”

मग म्हातारा पहिल्यांदाच बोलला.

“त्याला बोलू नकोस गं. मोजायला शेडात नेतो, तेवढाच गारवा मिळतो. मीच मुद्दाम म्हणतो, काटा चुकला, परत मोज.”