कंपालाच्या नाकातोची शून्य कमाई

कॅनडातल्या मार्कहॅमच्या गॅरेजमध्ये गाडीला विंटर टायर बसवून होईपर्यंत रवींद्र पुस्तकात डोकं खुपसून बसले होते. मागच्या बाकावरची दोघं मराठीत भांडायला लागली आणि त्यांचं पान उलटायचं राहून गेलं.

"श्रेयस, युगांडातल्या कंपालाच्या नाकातोला आपण इन्व्हेस्टरना पाठवतो त्या यादीतून नकार का गेला? तिचं औषधं पोचवायचं अॅप तीनशे दवाखाने वापरतात."

"अगं अक्षरा, आपल्या फॉर्मवर तिची कमाई शून्य दिसते."

"तिकडे बँक लागत नाही, तिचे पैसे थेट मोबाइल नंबरच्या खात्यावर येतात. सगळे पुरावे जोडलेत तिने."

"रकाने फक्त बँकेचे आणि कार्डाचे आहेत. आफ्रिकेतल्या सगळ्या फाउंडर्सना एकच फॉर्म, म्हणजे इन्व्हेस्टरना कंपेअर करता येतं."

"तो फॉर्म तू इथे बसून बनवलास. तिकडच्या एका तरी माणसाला विचारलंस?"

"वेबिनार घेतला की."

"त्यात तूच बोलत होतास. बाकी सगळे म्यूटवर."

"बरं, पुढच्या वर्षी रकाना वाढवू."

"तोवर तिची कंपनी उरेल का? इन्व्हेस्टरकडे यादी आज पाचला जाते. आत्ता वाढव."

"बोर्डाला विचारावं लागेल."

"नकार पाठवताना विचारलं होतंस?"

"तो आपोआप जातो गं."

"छान. मग मी तिला लिहिते, तुझा धंदा खरा आहे, आमचा फॉर्म चुकलाय. खाली नाव कुणाचं घालू?"

काउंटरवरून रवींद्रांच्या नावाचा पुकारा झाला, तरी ते उठले नाहीत.

"लॅपटॉप दे इकडे," श्रेयस म्हणाला. "आणि नाव माझं घाल."