टिपणीसकाकांनी मागितलेली पलीकडची बाजू

उपस्थित सुहृज्जनहो,

आपण आज इतक्या संख्येने जमलात, याचं टिपणीसकाकांना नवल वाटलं असतं. आपल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेला गणसंख्या न भरण्याची उज्ज्वल परंपरा त्यांना ठाऊक होती. सुलभाकाकू समोर बसल्या आहेत. त्यांच्याकडे पाहून बोलणं दुष्कर आहे. न पाहता बोलणं असभ्य आहे. तेव्हा मी मधूनमधून पाहीन, आणि मध्येच थांबलो तर तो वक्तृत्वाचा अलंकार समजू नये.

यशवंत टिपणीस. मूळ ग्राम नागपूर. व्यवसाय मद्यविक्रय. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिनियमांनुसार कडक मद्य शासकीय दुकानातच मिळतं. त्यामुळे काकांकडे द्राक्षासव आणि यवसुरा, म्हणजे प्राकृतात वाइन आणि बियर, एवढंच. पण ते एवढंच त्यांनी काय थाटात विकलं!

गिऱ्हाइकाला अधिकाधिक खर्चात पाडावं, हा वाणिज्याचा आद्य सिद्धांत. काकांनी तो आयुष्यभर उलटा पाळला. नुकतंच ग्रीन कार्ड झालेला एखादा तरुण सर्वांत महाग बाटलीकडे अंगुलिनिर्देश करी. काका विचारत, घरी कोण येणार आहे, जेवायला काय आहे, बॉस येणार की मेव्हणा. मग ती बाटली परत फळीवर जाई आणि स्वस्तातली त्याच्या हाती येई. मी एकदा मोठ्या जाणकारीच्या आविर्भावात विचारलं, "काका, भरल्या वांग्यांबरोबर कुठली चालेल?"

"ताक," काका म्हणाले.

आता एक नाजूक विषय. दर उन्हाळ्यात आपले मातापितर सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे पदार्पण करतात. आणि त्यांचं विमान उतरण्यापूर्वी आपापल्या घरातल्या बाटल्या काकांच्या दुकानामागच्या खोलीत जातात. काका त्याला बाटल्यांचं माहेरपण म्हणत. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. भाडं शून्य. या सभागृहातल्या ज्या गृहस्थाश्रमींची बाटली त्या खोलीत कधीच नव्हती, त्यांनी कृपया हात वर करावा.

सभेची सत्यनिष्ठा अभिनंदनीय आहे.

माझीही बाटली तिथे होती. माझे वडील नाना, कऱ्हाडचे निवृत्त मुख्याध्यापक, दर उन्हाळ्यात येत. संध्याकाळी ते फिरायला जात. कुठे, असं विचारलं की म्हणत, तळ्याला प्रदक्षिणा घालून येतो. आमच्या अपार्टमेंटमागे तळं आहे, बदकं आहेत. मी निश्चिंत होतो. वास्तविक नाना पदपथ नसलेल्या चौपदरी रस्त्याच्या कडेने, गवतातून, चालत टिपणीसांच्या दुकानात जात. घोटभरही न घेता खुर्चीवर बसून कऱ्हाड आणि नागपूर या दोन महानगरांच्या तौलनिक अभ्यासात तास घालवत. बसून कंटाळा आला की मागच्या खोलीतल्या बाटल्या पुसून ठेवत. सुहृज्जनहो, सगळा उन्हाळाभर माझ्या बाटलीवरची धूळ माझे जन्मदाते झटकत होते. गळ्यात माझं संपूर्ण नाव, नानांच्या नावासकट. नानांनी मला सांगितलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. दोन वृद्धांनी मिळून माझी अब्रू राखली, माझ्या नकळत.

हे उघडकीस आलं ते एका वाईट संध्याकाळी. गवत कापण्याचं यंत्र मागे जोडलेला एक ट्रक नानांच्या अगदी अंगाला चाटून गेला. नाना बाजूला झाले. बाजूला जायला जागा कुठे होती? ते कडेच्या चरात पडले. काकांनी काचेतून पाहिलं. गल्ला उघडा, गिऱ्हाईक आत, आणि सत्तरीकडे झुकलेला हा माणूस रस्त्याकडे धावत सुटला.

मी इस्पितळात पोहोचलो तेव्हा नानांच्या मनगटाला प्लास्टर होतं आणि काकांच्या पँटला चिखल. मी भेदरलो होतो. भेदरलेला मुलगा जे बोलतो तेच मी बोललो, की नाना, उद्यापासून एकट्याने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

नाना शांतपणे म्हणाले, "मग माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं कर. इथे मी पाहुणा नाही रे, पार्सल आहे. कोणी उचलून नेलं तर पोचतो."

मी म्हणालो, इथे सगळ्यांच्याच आईवडिलांचं असं असतं, इलाज नाही.

तेव्हा टिपणीसकाका माझ्यावर उखडले. पहिल्यांदा आणि शेवटचं. "काय बोलून राहिलास तू? इलाज नाही तर त्यांना इथे आणलंस कशाला?"

तिकीट बदललं गेलं. नाना कऱ्हाडला परतले. पुन्हा येणार नाही, असं विमानतळावर सांगून गेले.

त्यानंतर काका नगरपरिषदेच्या सभांना जाऊ लागले. बोलण्यासाठी प्रत्येक नागरिकाला मोजका वेळ मिळतो. काका इस्त्रीचा कोट घालून जात आणि एकच मागणी करत, की त्या रस्त्याला पदपथ हवा. आपल्यातले विद्वज्जन त्यांना सल्ले देत. वकील करा. स्लाइड्स करा. फॉलोअप ईमेल टाका, काका. सल्ले विपुल होते. सभेला बरोबर जाणारे आपण किती होतो, हा हिशेब आज नको.

निर्णयाच्या दिवशी मी गेलो होतो. एक सद्गृहस्थ उठले. सभ्य माणूस, सभ्य आवाज. त्यांनी विचारलं, हा पदपथ नेमका मद्याच्या दुकानाच्या दारातून जाणार, आणि मागणारा नेमका त्या दुकानाचा मालक, हा योगायोग समजायचा का? सभागृहात हशा पिकला. त्या हशात सगळं बुडणार, हे मला दिसत होतं. नानांचं परत येणंही बुडणार, हेही दिसत होतं.

काका उठले. त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही. एवढंच म्हणाले, "मग पलीकडच्या बाजूने बांधा. वाचनालय तिकडे आहे, बाग तिकडे आहे. माझ्या बाजूला एक वीतही नको."

आणि पदपथ मंजूर झाला. पलीकडच्या बाजूने.

घरी परतताना दोघे माझ्या गाडीत होते. सुलभाकाकू म्हणाल्या, "अहो, निदान दुकानासमोर एक सिग्नल तरी मागायचात."

काका म्हणाले, "सुचलं नाही गं."

खरं सांगतो, त्यांना सुचलं होतं. सिग्नल मागितला असता तर तो सद्गृहस्थ पुन्हा उठला असता.

पदपथ झाला. रुंद, सुरेख, कडेला क्रेप मर्टलची गुलाबी फुलांची झाडं. त्यावरून जो तो वाचनालयाकडे चालू लागला. काकांच्या दुकानाकडे चालत येणारं कोणी उरलं नाही, कारण रस्ता ओलांडायला पार लांबच्या चौकापर्यंत जावं लागे. एका महापुरुषाने स्वहस्ते स्वतःच्या गिऱ्हाइकीचा प्रवाह वळवल्याचं वाणिज्येतिहासात दुसरं उदाहरण मला तरी ज्ञात नाही.

पण पुढच्या उन्हाळ्यात नाना आले. फोनवर पदपथाचं ऐकलं आणि स्वतःहून तिकीट काढायला सांगितलं. संध्याकाळी ते वाचनालयाच्या वाटेवर, दुकानाच्या बरोबर समोर थांबत. काका दुकानाबाहेर येऊन उभे राहत. मधून चार पदरांची वाहतूक. दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करत, आणि मग खिशातून फोन काढून, समोरासमोर उभे राहून, फोनवर बोलत. माझी कन्या ईशा हे पाहून थक्क झाली. "बाबा, दे आर लिटरली लुकिंग ॲट ईच अदर!" मी तिला म्हटलं, बेटा, हीच तर संस्कृती आहे.

एकदा मी नानांच्या शेजारी उभा होतो. नानांनी विचारलं, "काय टिपणीस, आज गिऱ्हाईक?"

फोनमधून आवाज आला, "एक आहे नाना. पलीकडे उभं आहे."

असे किती उन्हाळे गेले. बंधुभगिनींनो, तेव्हा ते नेहमीचं वाटे, कामावरून परतताना मी गाडीतून बघत पुढे निघून जाई. आता आठवलं की वाटतं, गाडी बाजूला घेऊन आणखी थोडं पाहत उभं राहायला हवं होतं.

काकू दुकान बंद करत आहेत. महिनाअखेरीस फळ्या उतरतील. गेल्या आठवड्यात मी नानांना फोन केला. नाना आता प्रवास करू शकत नाहीत. काका गेल्याचं सांगितलं, दुकानाचंही सांगितलं. 

मग त्यांनी विचारलं, "त्या फुटपाथवर संध्याकाळी माणसं असतात का रे?"

मी म्हटलं, असतात नाना. गुंटूरचे आजोबा असतात, राजकोटच्या आजी असतात. कानटोपी, स्वेटर, पायांत मुलाचे जुने बूट. दोघादोघांनी हळूहळू चालत असतात. सोबतीला मुलगा नाही, सून नाही, गाडी नाही.

"मग टिपणीसांचं दुकान चालू आहे," नाना म्हणाले.

काकू, नानांच्या या वाक्याहून मोठा संस्कृत शब्द माझ्याजवळ नाही.

आता आपण काही क्षण स्तब्ध उभे राहू. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी बसूनच राहावं. ज्येष्ठांना त्रास झालेला टिपणीसकाकांना खपणार नाही.

यशवंत टिपणीस यांना माझा साष्टांग नमस्कार.