डॉक्टर बसले म्हणून

हॅलो?… हो, कॅन्सर वॉर्ड. तेजस्विनी सिस्टर बोलतेय… कोण, पल्लवी? सिन्नरहून? बोल ना.

… हळू, हळू. आधी रडणं थांबव, मला एक शब्द कळत नाहीये. आबांना काय झालं?

… किती दिवस राहिलेत म्हणजे? कशाचे?

… अगं ऐक ना. तुझ्या सासऱ्यांचे दिवस भरलेत असं कोण म्हणालं?… आमचे डॉक्टर? शनिवारी? अगं, शनिवारी तर आबांचा रिपोर्ट चांगला आलाय.

… हो, चांगला. थांब, फाइल काढते… रंगनाथ, वय अडुसष्ट, आतड्याचं ऑपरेशन, इंजेक्शनं पूर्ण, स्कॅनमध्ये आजार कुठेही दिसत नाही. कुठेही नाही, पल्लवी… इंग्रजीतच आहे गं, मी मराठीत सांगतेय.

… मग डॉक्टर नेमकं काय म्हणाले त्यांना?… काहीच नाही? मग आबांना कळलं कशावरून?

… बसले?

… अगं बाई.

… नाही, हसत नाहीये. ठसका लागला.

तू आता शांतपणे ऐक. गेल्या अठरा वर्षांत आमचे डॉक्टर कुठल्याच पेशंटजवळ बसलेले मी पाहिले नाहीत. दारातूनच बोलायचे. टाके कोरडे आहेत, जेवा, हिंडा, चला पुढचा… हो, आबांशीही तसंच. तर गेल्या महिन्यात ते केरळात ट्रेनिंगला जाऊन आले… नाही गं, ऑपरेशनचं नाही. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही त्यांचं दुखणं कसं कमी करायचं, त्यांच्याशी खरं कसं बोलायचं, त्याचं ट्रेनिंग… हो, कॅन्सरच्या डॉक्टरांनाही शिकावं लागतं. त्यांनाच जास्त. आधी जवळ बसायचं. मग विचारायचं, तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे. मग गप्प राहायचं, मनात दहापर्यंत मोजायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं.

… तेच तर सांगतेय. तिथे म्हणे सांगितलं, सुरुवातीला सोप्या पेशंटवर सराव करा. आता आबांहून सोपं कोण? माणूस ओळखीचा, बातमी चांगली.

… बरोबर, स्टूल ओढलं… खांद्यावर हातही ठेवला असेल, तेही शिकवलंय… डोळ्यांत पाणी? छे गं, डॉक्टरांना सर्दी झाली होती.

… हो, आणि गप्प राहिले. मोजत होते. सहा-सातपर्यंत पोचले असतील, तेवढ्यात आबांनी हात जोडले, समजलं साहेब म्हणाले आणि चालायला लागले. डॉक्टरांना वाटलं, आबांनी चेहऱ्यावरूनच बातमी ओळखली. इतके खूश होते सांगू. वहीत लिहून ठेवलंय, रुग्णाने सर्व शांतपणे स्वीकारले.

… आणि तुझा नवरा कुठे होता?… औषधांच्या रांगेत. म्हणजे सोमनाथनेही काही विचारलं नाही. बरं. आबा जेवतात ना?

… शनिवारपासून? नुसता चहा? आणि गोळ्या?… आता कशाला वाया घालवायच्या म्हणून बंद केल्या?

हे मात्र चालणार नाही, पल्लवी. पोटाचं एवढं मोठं ऑपरेशन झालेला माणूस आहे. आजच्या आज जेवले पाहिजेत.

… डोक्यावर काय? फेटा? खाटेवर पडल्यापडल्या?

… सावळीराम म्हणजे धाकटे भाऊ ना? ज्यांच्या मुलीच्या लग्नात आबांना मानाचा फेटा बांधला नाही म्हणून अकरा वर्षं बोलणं बंद… मला कसं माहीत म्हणजे? दर इंजेक्शनला ऐकलंय मी ते… काल आले? स्वतः फेटा घेऊन?… दोघंही रडले. आणि तेव्हापासून आबा उतरवूच देत नाहीत.

… अगं, आबा बरे आहेत कळल्यावर काकांना वाटेना का, फेट्यासाठी सोंग केलं म्हणून. एकदा बांधलेला फेटा कुणी सोडून नेत नाही. त्याची काळजी नंतर. आबांना दे फोन.

नमस्कार आबा. तेजस्विनी सिस्टर… आबा, तुम्ही बरे आहात. रिपोर्ट चांगला आहे… तुमचं मन राखायला कशाला बोलू मी?… हो, बसले. माहीत आहे मला… नाही हो, तसा काही नियम नाही. ते नवीनच शिकून आलेत… माणूस मरायला टेकल्यावरच बसतात असं नाही… म्हणजे डॉक्टरांनी स्वतः सांगितलं तरच? थांबा. फोन धरून ठेवा.

सर… सर, जरा इकडे या. नाहीतरी अर्धा तास तिथे दारातच उभे आहात. सिन्नरच्या आबांचा फोन आहे. तुम्ही जवळ बसलात म्हणून त्यांनी अन्न सोडलंय… हो सर, तुम्हीच. चांगली बातमी सांगायची राहिली… नको, खुर्ची नको. उभ्यानेच बोला. आणि मोजू नका. पूर्वी बोलायचात तसं… अजून जरा जोरात, सर.

… हॅलो, पल्लवी? मीच. ऐकलंस ना?… अगं, इथे अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. काय म्हणतात आबा?… ‘लय दिवसांनी डाक्टर नीट बोलला’? चला, पटलं एकदाचं… भाकरी मागतायत? नको, आधी पेज दे. भाकरी संध्याकाळी. गोळ्या आत्तापासून सुरू… राहू दे की फेटा, जेवताना कुठे आड येतो.

… नाही, डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनाच वाईट वाटलं. खरं सांगू? तो सराव धोंडाबाईंसाठी होता. पेठकडच्या, तुझ्याकडची लसणाची चटणी मागून खायच्या, आठवतात?… नाही गं. त्यांचा आजार आता हटणार नाही. रोज विचारतात, घरी कधी सोडता, नागली पेरायचीय. आणि डॉक्टर रोज दारातूनच बघू म्हणतात. ऑपरेशन करताना डॉक्टर कधी डगमगले नाहीत, पण एवढं एक सांगायचं म्हटलं की पाय उंबऱ्याच्या आत जात नाही. आज सकाळपासून तिसऱ्यांदा जाऊन उभे होते.

… थांब हं.

… काही नाही. आत गेले. दिसतंय मला इथून… हो, बसले. आबांना सांगू नकोस.

… बोलतायत काहीतरी… आता गप्प आहेत. दोघंही.

… दहा केव्हाच होऊन गेले गं.

… नाही, धोंडाबाई नाही रडत. त्या जरा सरकल्या, डॉक्टरांना खाटेवर जागा करून दिली. आता त्यांच्याच पाठीवरून हात फिरवतायत.

… नाही पल्लवी, आज सर्दी नाहीये.

बरं, ठेवते मी. धोंडाबाईंना पेठला घरी न्यायला गाडी मिळते का बघायचंय. आणि त्याआधी ते दार लोटून घेते, बाहेर पुढचे पेशंट येऊन थांबलेत… हो, आबांना नमस्कार सांग. ठेवते.