सटवाईला पत्ता कोन देनार?

...आन वर वॉचमन मलाच विचारतोय, "पिशवीत वरवंटा कशाला रे? कोनाचं डोकं फोडायला चाललास?" आता तुमाला सांगतो, शहापुरात दवाखान्याच्या दारात उभं राहून मानसानं काय सांगायचं? का आज माझ्या पोरीची पाचवी हाय, आज सटवाई येनार, तिच्या कपाळावर सगळं आयुष्य लिहिनार, वरवंट्यावर तिची पूजा मांडायला पायजे... आन पोर कुठं हाय? काचेच्या पेटीत! सातव्या महिन्यातच झाली वो! वाशिंदच्या भट्टीवर विटा थापता थापता माझ्या जयश्रीला कळा लागल्या. एक किलो दोनशे ग्रॅम. आमची कच्ची वीट तिच्या दुप्पट भरंल!

सकाळधरनं माझी आय फोनवर, मुरबाडकडनं, आमच्या वाडीवरनं. "सावळ्या, पोरीला आजच्या आज घरी आन. सटवाई घरी येती रे, दवाखान्यात नाय येत. कपाळ कोरं राहिलं तर पोर जगायची नाय!" डॉक्टरीनबाईंना विचारलं, तर त्या म्हनतात, "पेटीतून काढलीत तर मुरबाड सोडा, किन्हवलीपर्यंतही टिकणार नाही." मंजे नेली तरी जानार, ठेवली तरी जानार! भ्यालो वो मी. लई भ्यालो.

आन घर मंजे तरी कोनतं? भट्टीवरचं खोपटं पावसाआधी मोडतं. वाडीवर आमी चारच महिने. जयश्रीला दिवस गेले तवा वाडीवरच्या आशाताई म्हनल्या, "तुमी आता भट्टीवरचे, सुई तिकडंच घ्या." भट्टीकडच्या बाई म्हनल्या, "तुमी मुरबाडचे, तुमचं कार्ड तिकडंच." सात महिन्यांत एका सुईला आमी सापडलो नाय... मग सटवाईला पत्ता कोन देनार?

वरवंटा राहिला वॉचमनकडं. दिवा घेऊन आत शिरतोय तर हर्षाली सिस्टर ओरडली, "भाऊ, इथे ऑक्सिजन आहे! दिवा लावलात तर अख्ख्या वॉर्डाचं तेरावं घालावं लागेल!" हळद-कुंकू? "नको." नारळ? "अजिबात नको!" शेवटी पाया पडायला वाकलो, तवा तिलाच कसंतरी झालं. "बरं, कोरा कागद आणि पेन ठेवा टेबलावर. बास!"

ठेवला. आन दाराबाहेर बाकड्यावर डोळे मिटून बसलो, सटवाईला लिहिताना बघू नये म्हनतात. पर कान कुठं मिटतात? आत मशीन टीं... टीं... करतंय. जरा थांबलं का माझा जीव थांबतोय, वाजलं का परत चालू! त्यात डोक्यात नाय नाय ते. पोरीची टोपी कपाळावर आली असंल काय? काचेतनं लिहिता येत असंल काय? आन मुळात ती येनार कशी, सटवाईला पत्ता कोन देनार?

राहवलं नाय. एक डोळा उघडला. बघतो तर आत कोनीतरी वाकून खराखरा लिहितंय... हर्षाली सिस्टर! माझ्याच कागदावर, माझ्याच पेनानं!

"सिस्टर, काय केलंत वो! तो सटवाईचा कागद!"

"अहो, माझा पेन संपला. वीस ग्रॅम वजन वाढलंय पोरीचं, खूश व्हा की!"

वाढलं! मला रडूच फुटलं. तसाच डोळे पुसत कागद घेतला, अक्षरं लावून लावून वाचला. जयश्रीची मुलगी. वजन एक किलो दोनशे वीस. आन खाली... पत्ता, वीटभट्टी, वाशिंद.

माझ्या बापाच्या कपाळी भट्टी, माझ्या कपाळी भट्टी, आन हिच्या? पाचवीच्या दिवशी, सटवाईच्या पेनानं?

"खोडा वो ते! शाळा लिहा, कायपन लिहा! हा पत्ता दिला कोनी तुमाला?"

सिस्टरनं फाइल उघडून माझ्यापुढं धरली.

आता तुमाला काय सांगू... दिवसभर बोंबलतोय, सटवाईला पत्ता कोन देनार, कोन देनार... मीच दिलेला. पयल्याच दिवशी. खाली सही करून!