ह्यांचा स्विस चाकू

नका वाजवू, वनमालाताई. जाळी नका वाजवू — ऐका माझं, हात खाली घ्या. वाजवून होणार काय? वॉचमन ह्या वेळेला जेवायला गेलेला असतो, आणि दिवे गेलेत ते सगळ्या घाटकोपरचे गेले असणार. तुम्ही अशा पाठ टेकून बसा बघू. खालीच बसा, साडी काय धुता येते. दम लागलाय ना — बोलू नका, मान हलवलीत तरी पुरे. पंप संपलाय? म्हणून दवाखान्यात निघाला होतात होय. हळूहळू घ्या श्वास, घाई नाही. चौथ्या मजल्यावर भिंतीला भिंत लागून राहतो आपण, आणि बोलायची वेळ आली ती लिफ्ट अशी मध्येच लटकल्यावर — असो.

आता इकडे बघा. आपण दुसऱ्या मजल्याच्या थोडं वर अडकलोय. हे खाली दिसतं ते दुसऱ्याचं बाहेरचं दार, त्याच्या काचेतून उजेड येतोय तोच. त्याच्या कडेला ती पत्र्याची डबी — दोन स्क्रू दिसतायत? डबी काढली की आतली जीभ ढकलायची, दार उघडतं. मेकॅनिक आला होता तेव्हा मी बघत उभी होते. आणि माझ्याकडे हत्यार आहे. हे बघा — घाबरू नका, चाकूच आहे, पण नुसता चाकू नाही. ओळखलात ना? लाल, त्यावर पांढरा क्रॉस. अख्ख्या सोसायटीने पाहिलाय. आमच्या ह्यांचा. ह्यांनी दिला का? … दिला असंच समजा.

ही जाळी सरकवून बसते मी गुडघ्यावर. तुम्ही माझ्याकडे बघत राहा, श्वासाकडे नको. मी बोलते काहीतरी. ह्या चाकूचीच गोष्ट सांगते, पाठ आहे मला — पाहुणा आला, पोह्यांची बशी हातात पडली की हे सुरू. नंदकुमार बोटीवरून आला की चाकू बघायला मिळतो, असं ह्यांच्याबद्दल म्हणायचे लोक. तर स्वित्झर्लंडच्या सैन्यासाठी काढला म्हणे हा, शंभरएक वर्षांपूर्वी. सैनिकाला डबाबंद जेवण मिळायचं, ते डबे फोडायचे कशाने? आणि नवी बंदूक आली होती, ती खोलायची तर स्क्रू ड्रायव्हर हवा. मग एकातच सगळं केलं — एक पातं, एक डबा फोडायचं, एक स्क्रूचं, आणि भोक पाडायची आरी. आणि गंमत अशी, की पहिले चाकू बनवून घेतले जर्मनीत, स्विस लोकांकडे एवढे बनवायची सोयच नव्हती — ह्या वाक्याला हे थांबायचे, पाहुण्याने हसावं म्हणून. — हा स्क्रू गंजलाय हो. चुनाच बसलाय रंगाचा. निघेल. तुम्ही बऱ्या आहात ना? बोटं दाखवा. निळी नाहीत, छान.

पुढे साहेबलोकांसाठी वेगळा काढला, हलका. त्यात बाटलीचं बूच काढायचा पिळाचा स्क्रू — शिपायाला डबा, साहेबाला बाटली. आणि मोठ्या लढाईनंतर अमेरिकन सोल्जर घरी न्यायला लागले, त्यांना त्याचं जर्मन नाव काही उच्चारता येईना, म्हणून स्विस आर्मी नाइफ म्हणायला लागले. हे सांगताना हे ते जर्मन नाव मुद्दाम घ्यायचे. मग प्रात्यक्षिक. कातर, करवत, चिमटा, दात कोरायची काडी — एकेक काढून टीपॉयवर पाहुण्यांना दाखवायचे. मी हात लावायचा नाही. ब्याऐंशीला हॅम्बुर्गहून आणला तेव्हा एकदा मी त्याने दुधाची पिशवी कापली, तर — जाऊ दे. निघाला बघा एक. एवढ्या लवकर कसा? अहो, हात बसलाय आज. सकाळपासून हा पाचवा स्क्रू.

… तसं नाही काही. घरातलं लॅच जरा — बिघडलं होतं.

अशा बघू नका ना, वनमालाताई. तुम्हाला भिंतीतून ऐकू येत असेलच की. ह्यांनी मला मारलं नाही हो कधी. बोटही लावलं नाही. बोटीवर होते तोवर तर वर्षातले दोन-तीन महिने घरी, तेवढं निभायचं. पण गेल्या दिवाळीला कायमचे उतरले, आणि दिवसभर समोर बसतात. कुठे गेली होतीस, भाजी आणायला एवढा वेळ का, गॅसवाल्याशी काय बोललीस — आवाज चढवत नाहीत. हातात हा असतो. पातं उघडायचं, मिटायचं. उघडायचं, मिटायचं. मी उत्तर देईपर्यंत. आणि आता महिनाभर बाहेर जाताना लॅचला बाहेरून दोनदा किल्ली फिरवून जातात. आतून उघडत नाही मग. काल मी विचारलं, आग लागली तर? तर म्हणाले, तर मला कळेल तू घरातच होतीस.

आज केस कापायला गेले आणि चाकू राहिला धुवायला टाकलेल्या पँटमध्ये. कपडे भिजवताना हाताला लागला. मी तशीच उभी राहिले, बादली भरून वाहायला लागली तरी. लॅचची पेटी आतल्या बाजूने चार स्क्रूंवर असते, ते मला रोज दिसत होतं. म्हणून म्हटलं, जाळी नका वाजवू. लोक जमतील, आणि लोकांत पहिले हेच असतील. मला नुसतं खाली उतरायचंय, स्टेशनपर्यंत. नाहूरला बहीण आहे माझी, मालन — बघा, बोलून गेले. कुणालाच सांगणार नव्हते.

थांबा. श्श. जिन्यात कोणीतरी आहे.

…

त्यांच्याच चपला. वर गेले.

ताई, तुम्ही तोंड दाबून धरलंत? माझ्यासाठी? अहो सोडा हात, श्वास घ्या, घ्या — असा. छातीत शिट्टी वाजतेय तुमच्या. हे बघा, खरंच सोसेना झालं तर वाजवा जाळी. मी अडवणार नाही. शपथेवर सांगते. मान हलवू नका नाही म्हणून, मी मनापासून बोलतेय.

दुसरा पण निघतोय. आता चौथ्यावर पोचले असतील. दार नुसतं लोटलेलं, लॅच खाली पडलेलं. निघाली डबी. आता ही आरी — जीभ कुठाय, हाताला लागतेय पण सरकत नाही — थोडं आत — सरकली. सरकली हो. दार ढकलते. अरेरे, सुटला हातातून. ऐकलात, पार तळाला गेला. जाऊ दे.

नीट ऐका. खाली कमरेएवढी उडी आहे, आणि लिफ्टखाली मोकळी विहीर. मी आधी उतरते. नाही, पळून जाणार नाही, तुमचा हात धरूनच ठेवते, बघा. झालं. आता तुम्ही पालथ्या व्हा, पाय माझ्याकडे. आत नको पाय, माझ्या खांद्यावर टाका भार. या. या. आलात. लादीवर आहात, सोडा मला.

हाक ऐकलीत? मला मारतायत ती. तिसऱ्याच्या वर असतील अजून. मी निघते. तुम्ही शेजारची बेल — दिवे नाहीत, दार वाजवा, पाणी मागा, डॉक्टरकडे कोणीतरी नेईल — अहो, वर कुठे निघालात? तुम्हाला जिना चढवत नाही. वनमालाताई, मधल्या पायरीवर काय बसता, दोन्हीकडे हात पसरून? ते येतायत. ते तुम्हाला ओलांडून जाणार नाहीत, ते खरं, बाहेरच्यांशी फार सभ्य वागतात. तुमची ही अवस्था बघून पाणी आणतील, खुर्ची मागवतील, तुम्हाला दवाखान्यात पोचवल्याशिवाय सोडणार नाहीत. लोकांदेखत —

हाताने काय सांगताय? जा म्हणताय?

बरं. आता बोलत नाही.