पाटानं न्हेलेली वाकळ

माझं म्हायेर माणातलं, दहिवडीच्या अंगाला. आमी दोघी भनी, मी थोरली आन् हौसा धाकली, घागरी वाहून वाहून टाळू झिजलेल्या. आई म्हणायची, पोरी पाण्याकाठीच देणार. आन् दिल्या बी तशाच, मला कराडाच्या खाली ह्या पेठंत, जिथनं पाट जायचा, आन् हौसाला त्याच पाटावर दोन कोस खाली. काय सांगू तुमाला, पयल्या दिवशी मी पाटात पायच घातला न्हाई, एवढ्या चांगल्या पाण्यात पाय कसा घालावा म्हणून. सासू लय हसली.

घट बसायच्या आदी सारी पेठ पाटावर वाकळा धुवायची. आई गेली तवा तिच्या लुगड्यांची एकच वाकळ मागं राहिली, ती मी थोरलेपणानं उचलली. चुकलंच माझं. हौसानं बोलणं टाकलं. आन् त्याच वर्साला धुताना ती हातनं सुटली, पाटानं न्हेली, पाट रस्त्याखाली शिरतो त्या मोरीपतूर मी पळाले आन् मग तितंच बसून रडले. चार दिसांनी दारात हौसा, काखंत वाळलेली वाकळ. म्हणाली, माझ्या पायरीला येऊन अडली, टाक्यावरनं वळखली, आईनंच धाडली मला. पर तू रडत असशील म्हणून घास उतरंना.

तवापस्नं ठरलं. घटाआदी मी वाकळ धुवून पाटात सोडायची, खाली हौसा आन् तिचा मालक बांबू घिऊन उभं. पाणी काय उलटं वाहत न्हाई, म्हणून संक्रांतीला तिनं ती एसटीनं वर आणायची आन् चार दीस राहायचं. लोकं म्हणायची, दोघी येड्या हायत. म्हणनात का.

आता पेठंतला पाट नळात घातलाय, वरनं डांबरी रस्ता. डास गेलं म्हणत्यात, ते बी खरंच हाय. खाली हौसाकडं अजून उघडाच वाहतो. तिला आता नीट दिसत न्हाई, मालक बी गेला. फोनवर इचारती, अक्का, पाणी सुटलंय, वाकळ सोडलीस का? मी म्हणते, सोडली गं, येतीया. दोन वर्सं खोटं बोलते, वाकळ माझ्या पेटीत हाय. पोरगं म्हणतं, गाडीवर न्हेऊन देतो. आसं हातात द्यायची व्हय ती? त्येला काय कळतंय.

आवं, तुमची गाडी हाय न्हवं? लिवायचं ऱ्हाऊ द्या मागनं. तिच्या गावाच्या अलीकडं पूल हाय, तितं मला उतरवा आन् वाकळ पाटात सोडताना तेवढं दंडाला धरा. बांबू धरायला सून हाय तिची. देव तुमचं भलं करील. हौसा रोज पायरीवर बसून असती म्हणं.